निरोपाचा मसुदा

सूवनने ऑफिसचा मसुदा पुन्हा परत पाठवला, त्या दिवशी जेवताना ल्यानह्वा आत्यांनी हातातल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. कोणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, खेड्यात बैल मेला तरी त्याला दुसऱ्या दिवशी मूठमाती मिळते, मग माझ्या भावानं असं काय पाप केलंय?

"पाप नाही केलं, आत्या," सूवनचा भाऊ काइफिंग म्हणाला. "पुस्तक केलं."

कोणी हसलं नाही. सूवनने आईच्या वाडग्यात सुक्या मुळ्याचे दोन तुकडे वाढले. आईने ते भाताखाली सारले आणि नुसता भात खाल्ला. बाबा गेल्यापासून ती असंच जेवत होती. एरवीही ती कमीच बोलायची, आणि डावा कान गेल्यापासून घरातल्या बोलण्यात तिला कोणी धरत नसे. जेवणाचं टेबल भिंतीला लावून त्यावर बाबांचा फोटो ठेवला होता. फोटोसमोर नानफंगची छोटी संत्री होती. उदबत्तीची राख पडून त्यांचा रंग उतरला होता. घरचे जेवत होते बाबांच्या लिहिण्याच्या टेबलावर. त्याच्या कडेला जुन्या शाईचे डाग होते. सूवनचा वाडगा नेमका त्यांतल्या सगळ्यात मोठ्या डागावर होता, आणि आपण तो मुद्दाम तिथे ठेवतो हे तिला माहीत होतं.

माणूस ज्या ऑफिसात निवृत्त झाला त्या ऑफिसने त्याचं दोन पानी जीवनवृत्त लिहायचं, घरच्यांनी ते मान्य करायचं, मग अंत्यदर्शनाचा दिवस ठरायचा, आणि तोवर माणसाने दहनगृहाच्या थंड खोलीत वाट बघायची, ही या शहराची रीतच होती. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पलीकडच्या इमारतीतले एक इंजिनिअर 'मोलाचे योगदान' की 'महत्त्वाचे योगदान' एवढ्यावरून सबंध उन्हाळा थांबले होते. शब्दांना पायऱ्या असतात आणि कोण कुठल्या पायरीवर ते सगळ्यांना पाठ असतं. काइफिंग महानगरपालिकेच्या व्यापार खात्यात होता आणि त्याला बढतीची आशा होती. पायऱ्या त्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत. 'हानी'च्या मागे 'अपार' लावून घ्यायला त्याने दोन दिवस खर्ची घातले होते. 'पक्षाचे उत्कृष्ट सदस्य' हे तर ऑफिसने आपणहून दिलं होतं. त्यामुळे काइफिंगच्या दृष्टीने मसुदा चांगला होता, चांगल्याहून चांगला होता.

सूवनच्या दृष्टीने त्यात बाबाच नव्हते. 'अनेक ऐतिहासिक साधनांच्या संकलनात सहभाग' एवढ्यावर बाबांच्या निवृत्तीनंतरच्या सगळ्या वर्षांची बोळवण झाली होती. पुस्तकाचं नाव नव्हतं. पुस्तक होतं असंही कुठे म्हटलं नव्हतं. ते नाव आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानंतर तिच्याशी बोलताना घरातले सगळे जरा मोठ्या आवाजात बोलू लागले होते. जणू तिलाही आईसारखं कमी ऐकू येत होतं.

पुस्तक ल्याओ दिंगशान यांच्यावर होतं. ते प्रांताचे पक्षसचिव असताना बाबा त्यांचे चिटणीस होते, म्हणजे त्यांची भाषणं लिहायचे, त्यांची बॅग धरायचे, त्यांच्याबरोबर जेवायचे आणि त्यांच्यानंतर झोपायचे. ल्याओ वारले, त्यांचा पुतळा झाला, त्यांच्या नावाचा पूल झाला. निवृत्तीनंतर बाबांनी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं. सूवन तिआनचिनला ग्रंथालयात नोकरीला होती. दर उन्हाळ्यात ती रजा काढून यायची आणि बाबांच्या बारीक अक्षरातलं लिखाण चौकटीच्या कागदावर उतरवायची. एका चौकटीत एक अक्षर. पंखा लावता येत नसे, कारण कागद उडत. दोघं घामाने निथळत समोरासमोर बसायची. मधेच बाबा विचारायचे, "'पाहिलं' की 'बघितलं'?" ती म्हणायची, "पाहिलं." एवढंच बोलणं. ती या उन्हाळ्यांना सुखाचे दिवस म्हणायची. तिचा नवरा त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचा, आणि एका उन्हाळ्यात ती परतली तेव्हा त्याने आपले कपडे नेलेले होते.

पुस्तक निघालं आणि दुसऱ्या महिन्यात थांबलं. बंदी कोणी घातली नाही. ते दुकानांत पोचलं नाही, एवढंच. ऑफिसच्या तळघरात, सायकली लावतात तिथे, गठ्ठे रचून ठेवले गेले. थांबलं ते एका पानावरून.

दुष्काळाच्या वर्षी ल्याओ आपल्या जन्मगावी दौऱ्यावर गेले होते. बाबा बरोबर होते. एका घरी त्यांना वाडगाभर भात दिला. चार घास खाल्ल्यावर भात संपला आणि खाली कोंडा लागला, नेच्याच्या मुळांचं पीठ घालून मळलेला. दारात त्या घरचं पोर वाडग्याकडे बघत उभं होतं. ल्याओंनी तळापर्यंत खाल्लं, पोट भरलं म्हणाले, आणि प्रांतात परतून धान्य पुरेसं असल्याच्या अहवालावर सही केली. बाबांनी एवढंच लिहिलं होतं. त्यात विशेषण एकही नव्हतं.

बाबांना भीती वाटत होती ती सहीची. सहीवर कोणी बोट ठेवलं नाही. सगळे उठले ते वाडग्यावर. ल्याओबाईंनी प्रांताच्या राजधानीतून निरोप धाडला, की त्यांनी वरचे चार घास खाल्ले आणि उरलेलं मायेने त्या पोरासाठी ठेवलं, असं लिहा. बाई अडाणी नव्हत्या. तळापर्यंत खाल्लं असेल तर ल्याओंना खालचा कोंडा ठाऊक होता, आणि ठेवलं असेल तर नव्हता, एवढा सरळ हिशेब होता. बाबांनी उलट कळवलं की मी शेजारी बसलो होतो. मग गावातून चार माणसं आली. ती वेगळ्याच गोष्टीवर चिडली होती. पाहुण्याच्या पानात आमच्या गावाने कोंडा वाढला हे तुम्ही छापलंत, आता आमच्या पोरींना कोण करणार, असं ती विचारत होती. बाबांनी त्यांना चहा दिला. माणसं चहा न पिता गेली. त्यानंतर दोन वर्षं त्या पुस्तकाबद्दल बाबांशी कोणी बोललं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. बाजारात ऑफिसची माणसं भेटायची आणि कोबी कसा दिला ते विचारायची.

*

दुपारी ऑफिसातून श्युंग आला. भिजलेली छत्री त्याने दारातल्या इनॅमलच्या परातीत उभी केली, फोटोपुढे वाकला आणि खुर्ची दिली तरी बराच वेळ उभाच राहिला. वाक्य कसं लिहायचं हे त्याला बाबांनी शिकवलं होतं, तो नवा उमेदवार असताना. आता तो विभागप्रमुख होता आणि बाबांच्याबद्दलची वाक्यं त्याच्या वाट्याला आली होती. तो बाबांना अजून गुरुजी म्हणायचा.

त्याने सांगितलं की तो वर जाऊन आला आहे. बोलणं सोपं नव्हतं. एक वाक्य मिळालं आहे. त्याने कागद सूवनपुढे ठेवला आणि वाक्याखाली नख ओढून दाखवलं: 'त्यांनी ल्याओ दिंगशान यांचे चरित्र लिहिले.'

सूवनने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात विशेषण नव्हतं. बाबांना आवडलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"आणि बदल्यात?" काइफिंगने विचारलं. बदल्यात काहीतरी असणारच हे त्याला न सांगता कळत होतं.

श्युंगने चष्मा काढून पुसला. "'उत्कृष्ट' जाईल. दोन्ही एका पानावर नकोत, असं वरच्यांचं म्हणणं पडलं."

"म्हणजे साधा सदस्य?"

"साधा नाही, साहेब. नुसता."

काइफिंग उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग तो जे बोलला ते हळू आवाजात बोलला, कारण भिंती पातळ होत्या आणि शेजारी त्याच ऑफिसचे होते. तो म्हणाला, सबंध आयुष्य ज्या माणसाने त्यांचे निरोप पोचवले, त्यांची पापं आपल्या अक्षरात लिहून काढली, त्याला शेवटी नुसता म्हणायचं? आणि ते कशासाठी, तर सायकलींच्या मागे कसर लागून पडलेल्या गठ्ठ्यांसाठी? हॉलमध्ये माणसं येतील ती काय ऐकतील? काय गेलं ते ऐकतील. काय आलं ते कोणाला कळणारही नाही.

"मला कळेल," सूवन म्हणाली.

"हो, तुला कळेल." तो तिच्यासमोर, बाबांच्या खुर्चीत बसला. तिथे इतके दिवस कोणी बसलं नव्हतं. "सूवन, तू बाबांसाठी भांडत नाहीस. तू तुझ्या उन्हाळ्यांसाठी भांडतेयस. ते वाया गेले नाहीत असं तुला कोणीतरी माइकवरून सांगायला हवंय."

श्युंग कागदाकडे बघत राहिला.  आपल्याला राग आला नाही याचं सूवनला नवल वाटलं. कोणीतरी अंधारात नेमका दुखऱ्या जागी हात ठेवावा आणि तो हात निदान माणसाचा असावा, तसं काहीतरी झालं.

मदत अनपेक्षित बाजूने आली. इतके दिवस आत्या काइफिंगच्या बाजूने होत्या. चिंगफूदादाला थंडीत किती ठेवणार, एवढंच त्यांचं म्हणणं. आता त्यांनी श्युंगला विचारलं, त्या वाक्याचा अर्थ दादा ग्रंथकर्ता ठरतो असा होतो का? श्युंग म्हणाला, होतो. ऑफिसच्या शिक्क्यासकट? शिक्क्यासकट. आत्यांनी पदर सावरावा तसा जाकिटाचा काठ ओढला आणि सांगितलं की गावाकडे वंशावळ पुन्हा लिहायला घेतली आहे, थोरला पुतण्या घरोघर फिरतो आहे, आणि वंशावळीत उत्कृष्ट सदस्याला जागा नाही. ग्रंथकर्त्याला आहे.

"त्सौ घराण्यात शेवटचा ग्रंथकर्ता झाला तो राजांच्या काळात," त्या म्हणाल्या. "आणि त्यानं लिहिलं होतं डुकरांच्या रोगांवर. तरी त्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे. काइफिंग, बाळा, तुझं ते उत्कृष्ट हॉलमध्ये हवेत जाईल. हे कागदावर राहील."

काइफिंग म्हणाला की डुकरांच्या रोगांवरचं पुस्तक निदान कोणी तळघरात टाकलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, डुकरांना बायका नसतात निरोप धाडायला. श्युंगला हसू आवरेना, त्याने ते खोकल्यात लपवलं. बाबा गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडावरचे स्नायू हलले. काइफिंगने हात वर केले. दोघी एका बाजूला, ऑफिस त्यांच्या मागे. त्याने फक्त एवढं म्हटलं, की लोक विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या.

श्युंगने पेन काढून टेबलावर ठेवलं. सूवनने ते उचललं.

"मला कोणी वाचून दाखवेल का?" आई म्हणाली.

ती फोटोजवळच्या स्टुलावर बसून संत्र्यांवरची राख फडक्याने टिपत होती. ती खोलीत आहे हे सगळे विसरले होते. सूवन तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि कानाशी वाकून सबंध मसुदा वाचू लागली. जन्म, शाळा, नोकरी, बदली. आई मान हलवत होती. ते वाक्य आलं तेव्हा मान थांबली.

"ल्याओही येणार का तिथे?"

"नाव फक्त, आई. एका ओळीत."

"नावही नको."

आत्या काही बोलायला गेल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. ती बोलत होती ते सूवनशी, पण नजर फडक्यावर होती.

"त्या दौऱ्याहून ते परत आले, तेव्हा मी एक रताळं राखून ठेवलं होतं त्यांच्यासाठी. उशीखाली, उंदीर नेतील म्हणून. ते आले, बसले, आणि त्या वाडग्याचं सांगायला लागले. वर भात, खाली कोंडा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी त्यांना त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, नंतरही नाही. काइफिंग समोर खाटेवर होता. पाय सुजलेले त्याचे. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. ते सांगत होते त्या दारातल्या पोराचं. कसं बघत होतं, किती बारीक मान होती." तिने फडकं उलटं केलं. "पुस्तकात ते पोर आहे ना?"

"आहे," सूवन म्हणाली.

"काइफिंग आहे?"

त्या पुस्तकातलं अक्षर न् अक्षर सूवनने चौकटीत बसवलं होतं. तिला आठवावं लागलं नाही.

"नाही."

"हं."

काइफिंग उठला आणि जिन्यातल्या कोळशाच्या शेगडीकडे गेला. शेगडी व्यवस्थित होती. बाहेरून चिमट्याचा आवाज येत राहिला.

"मी तक्रार करत नाहीये," आई म्हणाली. "रताळं त्यांनी खाल्लं नाही, काइफिंगला दिलं. माणूस चांगला होता. पण लग्नापासून आमच्यात एक तिसरा बसलेला असायचा. जिवंत होता तेव्हा त्याचे दौरे. मेला तेव्हा वाटलं, चला, आता तरी. तर त्याचं पुस्तक. तू यायचीस, तुम्ही दोघं दार लावून त्याच्याबरोबर बसायचात. मी कलिंगड चिरून दाराशी ठेवायची." ती थांबली. "हॉलमध्ये मला ते एकटे बघायचेत, सूवन. एकदाच."

सूवनला ते कलिंगड आठवत होतं. बशीवर माशा बसू नयेत म्हणून झाकलेली जाळी आठवत होती. ते दाराशी कोण ठेवतं हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पाणी जसं नळाला येतं तसं ते यायचं.

तिने हातातलं पेन श्युंगला परत दिलं आणि आधीचाच मसुदा राहू द्या म्हणून सांगितलं.  हे वाक्य मिळवायला त्याने कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या ते त्याने बोलून दाखवलं नाही. मग उत्कृष्ट परत घालू का, एवढंच त्याने विचारलं.

"घाला," आई म्हणाली. "काइफिंगला हवंय ते."

आत्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवू लागल्या. त्यांची बाजू आता एकटीचीच उरली होती.

*

अंत्यदर्शनाच्या सकाळी धुकं होतं. दहनगृहाच्या लहान हॉलमध्ये बाबांना निळ्या कोटात मधोमध ठेवलं होतं. गालांना कोणीतरी रंग लावला होता. तो त्यांना शोभत नव्हता, ते प्रकृती सुधारल्यासारखे दिसत होते. काइफिंग दाराशी उभा राहून येणाऱ्यांच्या दंडाला काळ्या फिती बांधत होता. ऑफिसची दोन माणसं पुष्पचक्रं भिंतीला लावत होती. ऑफिसचं पहिलं, मग इतर खात्यांची, मग नातेवाइकांची, मग शेजाऱ्यांची. हाही क्रम ठरलेला. डोक्याजवळची जागा सगळ्यात वरच्याची, आणि तिथेच विधवेने उभं राहून लोकांचे हात हातात घ्यायचे.

सूवन रिकाम्या हॉलमध्ये बाबांच्या पायांशी उभी होती. बाबांशी एकटीने बोलावं म्हणून ती लवकर आली होती. बोलायला काही सुचलं नाही. 'पाहिलं' की 'बघितलं', असं कोणी विचारत नव्हतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. राजधानीच्या नंबरची गाडी होती. ड्रायव्हर एक पुष्पचक्र घेऊन आत आला, माणसापेक्षा उंच, खऱ्या पांढऱ्या शेवंतीचं. बाकीची सगळी कागदी होती. श्युंगने फीत उलगडली, वाचली आणि तो ऑफिसच्या माणसांना हाताने खुणा करू लागला. डोक्याजवळचं चक्र हलवा, सगळी एकेक जागा सरकवा. त्याच्या कपाळावर घाम होता. सूवन जवळ गेली. डाव्या फितीवर ल्याओ दिंगशान यांच्या पत्नी व कुटुंबीय असं होतं. उजव्या फितीवर होतं: चरित्रकार त्सौ चिंगफू यांस.

ती तिथेच उभी राहिली. शाई ओली असताना कोणीतरी फीत घडी केली असावी, 'चरित्रकार'चा अर्धा भाग उलट्या बाजूला उमटला होता. बाबांच्या नावामागे तो शब्द जोडलेला तिने कुठे पाहिला नव्हता. घरच्यांनी लावला नव्हता, ऑफिसने नाही, मुखपृष्ठावरही नुसतं नाव होतं. लावला तो ज्या बाईने पुस्तक थांबवलं तिने. तिने क्षमा केली होती, की आपल्या नवऱ्याचं नाव कुठल्याही हॉलमध्ये गाळलं जाऊ नये एवढंच तिला हवं होतं? की एवढ्या वर्षांनी तिलाही त्या वाडग्याचं कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि बोलण्याजोगा एकच माणूस उरला होता, तोही गेला? ड्रायव्हरला काहीच माहीत नव्हतं. त्याला परतीची घाई होती.

चक्र डोक्याशी लागलं. बाहेर लोक जमू लागले होते. काचेच्या दारातून सूवनला आई दिसली. आत्यांनी तिचा दंड धरला होता. तिने केस पाण्याने चापून बसवले होते आणि लग्नात मिळालेला गळाबंद कोट घातला होता. थोड्या वेळात ती आत येणार होती आणि तिथे उभी राहणार होती, त्या उंच शेवंतीच्या खाली, त्या नावाला खांदा लावून.

सूवनने चक्राच्या बांबूच्या पायांना हात घातला.

"ताई," श्युंग पुढे झाला. "त्यांच्या वर इथे कोणी नाही. क्रम असा मोडता येणार नाही. उद्या तिकडे कळलं तर मी काय सांगू?"

"सांगा, मुलीने हलवलं."

"पण ताई, तुम्हालाच तर हे…"  त्याने फितीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मागे सरला.

चक्र जड होतं. फुलं ओली होती आणि चौकट एका बाजूला कलत होती. दोन पावलांवर तिला ते खाली टेकवावं लागलं. मग दुसरी बाजू हलकी झाली. काइफिंगने ती धरली होती. फितींचा गठ्ठा त्याने तसाच कोटाच्या खिशात कोंबला होता. दोघांनी मिळून ते हॉलच्या मागच्या टोकाला नेलं, खांबामागे, जिथून नंतर सगळी चक्रं भट्टीकडे जातात. ठेवताना काइफिंगची नजर फितीवर गेली. त्याने ती वाचली. तो तिथून लगेच हलला नाही.

"चरित्रकार लिहिलंय," तो म्हणाला.

"हो."

"पाहिलंस तू?"

"पाहिलं."

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. त्याने तिच्या दंडावरची काळी फीत, जी सैल झाली होती, सोडून नीट बांधली. दार उघडण्याचा आवाज आला तसा तो पुढे निघून गेला. सूवनने चक्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

लोक आत आले. श्युंगने जीवनवृत्त वाचलं. दोन पानं वाचायला फारसा वेळ लागत नाही. 'उत्कृष्ट'ला त्याने आवाज चढवला, 'अपार'लाही चढवला. संकलनात सहभाग हेही वाचलं, आणि सूवनला तिथे काहीतरी तुटल्यासारखं होईल असं वाटलं होतं, पण ओळ आली आणि गेली. सगळे तीनदा वाकले. करुण संगीताची टेप मधेच खरखरली आणि पुन्हा सुरू झाली.

मग घरच्यांची पाळी आली. आत्या आईबरोबर पुढे निघाल्या होत्या. आईने त्यांचा हात सोडवला आणि ती एकटी गेली. डोक्याजवळ भिंत रिकामी होती. एका चक्राची जागा सुटलेली होती आणि मागचा हिरवा रंग दिसत होता. ती तिथे उभी राहिली. तिने बाबांच्या कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं, आणि अंगठ्याने गालावरचा तो रंग पुसला, एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. पुसल्यावर ते पुन्हा बाबांसारखे दिसू लागले, दमलेले. ती वाकली आणि त्यांच्याशी बोलायला लागली.

बराच वेळ बोलली. रांग थांबून होती. सूवन सगळ्यात जवळ होती, पण आई हळू बोलत होती आणि टेपचा आवाज मोठा होता. एकदा आई थोडी हसलीही. काय सांगत होती ते सूवनला ऐकू आलं नाही, आणि ऐकण्यासाठी ती पुढे सरकली नाही.